मुक्कामी गाडी

“आबा, जरा गप्प बसता का?”

पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाची पाच-सहा वळणं चढलो होतो, तेव्हा हे माझ्या तोंडून गेलं. माझ्या वडिलांना, ७९ वर्षांच्या माणसाला, ज्यानं ३३ वर्षं एसटी चालवली आणि त्यातली बरीचशी याच घाटात. नोव्हेंबरचा शेवट, दुपारचे साडेतीन. गुहागरहून परत येत होतो, चिपळुणात टाकी फुल्ल केली होती. घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी मस्त ओढत होती आणि एका वळणावर तिनं एकाएकी दम सोडला. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी इंजिनाचा आवाज चढेना, उलट खालीखालीच उतरत चालला. तिसऱ्यातून दुसऱ्यात आले, दुसऱ्यातही तेच, मग पहिल्यात. मागे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, त्याच्यामागे आणखी चार-पाच गाड्या, आणि प्रत्येक हॉर्न दरीतून फिरून पुन्हा कानावर येत होता. तळहातांना इतका घाम फुटला होता की स्टिअरिंग सरकत होतं. तेवढ्यात डावीकडून आबा म्हणाले, “आक्का, धूर न्हाई बघ मागं. कडंला घे, आन डिझेलच्या टाकीचं झाकण ढिलं करून बघ.” त्यावर मी जे म्हणाले ते वर लिहिलंय.

आबा गप्प बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी आपल्या बाजूची काच पुसली. काच स्वच्छच होती. मग रुमालाची पहिल्यासारखी चौकोनी घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला.

ती घडी माझ्या डोळ्यांसमोरून पुढचे साडेतीन महिने हलली नाही.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. २००८ सालची डिझेल गाडी, पूर्वी शाळेची मुलं नेणारी. मी घेतली तेव्हा सीटच्या फोमाला खडूचा आणि डब्यातल्या लोणच्याचा वास होता, आणि एका खिडकीखाली कुणीतरी कंपासच्या टोकानं पाढे कोरलेले होते. ते मी तसेच ठेवले. मागच्या सीटा काढून दोन बिछाने, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि पडद्याआड एक छोटा संडास करून घेतला. आरटीओचे हेलपाटे आणि पुन्हा पासिंग हा वेगळा विषय, त्यात शिरत नाही. हे सगळं केलं ते आबांसाठी. आबांनी आयुष्यभर लोकांना गणपतीपुळ्याला, ज्योतिबाला, पंढरपूरला पोचवलं, पण स्वतः कुठे उतरून सावकाश काही पाहिलं नाही. स्टँडवर गाडी लावायची, नोंद करायची, चहा घ्यायचा आणि परतीच्या फेरीला लागायचं. आता वेळ आहे तर गुडघे साथ देत नाहीत आणि प्रोस्टेटच्या त्रासानं तासाभरानं थांबावं लागतं. कुणाच्या गाडीतून जायचं म्हटलं की त्यांना त्याचाच संकोच. आई गेल्यावर तर ते घराबाहेर पडेनातच. म्हणून संडास असलेली गाडी हवी होती. आवडीनं घेतलेली गाडी असं लोक म्हणतात, पण तिच्या मुळाशी एवढीच साधी गरज होती.

त्या दिवशी घाटात जरा रुंद जागा मिळाली तशी मी गाडी कडेला घेतली. पाण्याचा काटा बघितला, मधोमध होता, म्हणजे इंजिन तापलेलं नव्हतं. इंजिन जागेवर चालू ठेवलं तर शांत, एकसारखं चालत होतं. आबा काठी टेकत उतरले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. प्रत्येक चाकापाशी वाकून त्यांनी हाताची मागची बाजू रिंगजवळ नेली, टेकवली नाही, नुसती जवळ नेली. ब्रेक धरून ठेवत असेल तर त्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापतो, आणि तळहातापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला ऊब आधी कळते. लहानपणी ताप बघायला ते आमच्या कपाळाला असाच हात लावायचे. चारही चाकं सारखी होती. ते मान हलवून वर चढून बसले. झाकणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पंचवीस मिनिटांनी मी गाडी सुरू केली आणि ती जणू काही झालंच नाही अशी दुसऱ्या-तिसऱ्यात घाट चढून माथ्यावर आली. मला इतकं हायसं वाटलं की का बंद पडली होती हा प्रश्न मी घाटातच सोडून दिला.

त्या रात्री आम्ही कोयनानगरला मुक्काम केला. धरणाच्या बाजूनं गार वारा येत होता. शेगडीवर मुगाची खिचडी टाकली, कुकर नव्हता म्हणून पातेल्यावर ताट झाकलं होतं आणि ते ताट वाफेनं खडखडत होतं. कोयनानगर आलं की आबांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट हटकून आठवते. ते तेव्हा पाटणजवळच्या आमच्या गावी होते. गोठ्यातली गुरं आधी हंबरली आणि मग भिंत अंगणात आली, असं ते सांगतात. भिंत पडली म्हणत नाहीत, अंगणात आली म्हणतात. त्या रात्री मात्र त्यांनी ते काढलं नाही. खिचडी खाल्ली, बिछान्यावर पाय पसरले, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “मुक्कामी गाडीच की ही.” ज्यांच्या गावाला रात्री शेवटची एसटी येते आणि पहाटे तीच परत जाते त्यांना हा शब्द सांगावा लागणार नाही. ड्रायव्हर-कंडक्टर त्या गाडीतच झोपायचे, नाहीतर देवळाच्या ओसरीवर. गावातलं कुणीतरी भाकरी-पिठलं आणून द्यायचं. आबांनी अशा किती रात्री काढल्या असतील कोण जाणे. आम्हा पोरांना ‘आज मुक्कामी आहेत’ एवढंच ठाऊक. ते कुठे झोपले, काय जेवले, थंडीत काय पांघरलं, हे घरात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. माझ्या गाडीतला ऐंशी हजार खर्चून केलेला बिछाना त्यांना नवा नव्हता. माझ्यासाठीच तो नवा होता.

मी लहान असताना सुट्टीत कधीकधी त्यांच्या गाडीतून जायची. जुन्या एसटीत इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि त्यावरच्या बॉनेटवर माझी जागा. खाली गोणपाट घातलेलं असलं तरी मांड्यांना चटका बसायचा. गिअरचा लांब दांडा सतत थरथरायचा आणि त्याच्या काळ्या गोळ्यावर आबांचा पंजा नुसता ठेवलेला असायचा, दाबलेला नाही. घाट सुरू होण्याआधी आबा बोलणं थांबवायचे. कंडक्टरकाका काही सांगायला आले तर ते हात वर करायचे, म्हणजे नंतर. मी विचारलं होतं, तुम्ही बोलत का नाही? म्हणाले, गाडी बोलत असती तवा आपण मधी बोलायचं न्हाई. डिझेल, गरम रेक्झिन, कुणाच्या तरी पाटीतली सुकट आणि ओकणाऱ्या मुलांसाठी हातात दिलेलं लिंबू, या सगळ्याचा मिळून एक वास होता. तो मला आजही कुठेही ओळखता येईल. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटली, हे मी शाळेत शिकायच्या आधी त्या बॉनेटवर बसून ऐकलं. एसटीला कुणी लाल डबा म्हटलेलं आबांना चालत नसे. अजूनही नाही.

पण याच आबांनी मला गाडी शिकवली नाही. भावाला मात्र शिकवली. तो अठराचा झाला त्याच आठवड्यात मित्राची जीप आणून कृष्णेच्या वाळवंटात दोन रविवार त्याला क्लच-ब्रेक दाखवले. मी काठावर उभी होते. मला का नाही, असं विचारल्यावर “तुला कुठं घाटात गाडी घालायचीय?” एवढंच म्हणाले. त्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. त्यांच्या डोक्यात तसा प्रश्नच नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. पुढे ३१ व्या वर्षी पुण्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरून मी शिकले. लायसन्स आबांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत दिलं. त्यानंतर ते माझ्या शेजारी बसले की प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. तिथे ब्रेक नाही, पण पाय दाबतो. मला तो कोपऱ्यातून दिसतो. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना ते कधी झोपतही नाहीत, रात्रीचा प्रवास असला तरी काचेतून रस्ता बघत बसतात.

म्हणून त्या दिवशी घाटात झाकणाचं ऐकलं तेव्हा मला वाळवंटातला तो रविवार ऐकू आला. तुला कुठं घाटात गाडी घालायचीय. आता विचार करते तर वाटतं, आबा त्या क्षणी मुलीशी बोलतच नव्हते. एका ड्रायव्हरनं दुसऱ्या ड्रायव्हरला सांगावं तसं ते सांगत होते. आधी धुराचा पुरावा, मग उपाय, तोही आठ-दहा शब्दांत. पहिल्यांदाच. आणि नेमकं तेव्हाच मी त्यांना गप्प केलं.

पुढचं सगळं मिस्त्र्यांच्या दारात घडलं. पाटणला एकानं डिझेल फिल्टर बदलला. जुना फिल्टर काळा होता, पालथा केला तर चहाच्या गाळासारखं काहीतरी पडलं, त्यामुळे दोघांचंही समाधान झालं. नवा बसवून हातपंपानं डिझेल भरलं, वरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, फेरी मारली. गाडी फर्स्ट क्लास. डिसेंबरात आम्ही रत्नागिरीला गेलो. तिथे टाकी फुल्ल केली, पाली-साखरपा करत आंबा घाटाला लागलो आणि पुन्हा तेच. या वेळी धुके होतं, आणि मी इंजिन बंद करून चाकामागे दगड लावून बसले. अर्ध्या तासानं गाडी पुन्हा शहाण्यासारखी चढली. कोल्हापूरला दुसऱ्या मिस्त्र्यानं क्लच घसरत असेल म्हटलं. क्लच घसरला तर इंजिन मोकळं ओरडतं आणि गाडी जागच्या जागी राहते. आमचं उलट होतं, इंजिनच मान टाकत होतं. एवढं मला तोवर कळू लागलं होतं, म्हणून क्लचचा खर्च वाचला. पण एअर फिल्टर बदलला आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप उघडून त्याचे वायसर-व्हॉल्व्ह नवे घातले. जानेवारीत वाईजवळच्या पसरणी घाटात गाडी पुन्हा बसली. मग पंप-नोजलच्या दुकानात बारा दिवस. चारही नोजल काढून तपासले, एकाचा फवारा जरा वाकडा येत होता तो सुधारला. एकूण २३ हजार गेले. यातल्या कुणीही मला फसवलं नाही, हे मला मनापासून सांगायचंय. प्रत्येकाला गाडीत काहीतरी जुनं, झिजलेलं सापडत होतं, कारण गाडीच जुनी होती. आणि प्रत्येकाच्या कामानंतर ती खरोखर बरी होत होती.

ती का बरी होत होती, हे ओगलेवाडीच्या मिस्त्र्यानं दाखवलं. कंदिलाच्या काचांसाठी एकेकाळी नावाजलेलं हे गाव, कऱ्हाडला चिकटून. तिथं रेल्वे फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिंचेखाली त्यांचं गॅरेज. साठीचे असतील. त्यांनी पाना उचलायच्या आधी मला अर्धा तास प्रश्न विचारले. कधी बंद पडते? चढालाच का? सपाटीला? थंड असताना? किती किलोमीटरनंतर? थांबल्यावर किती वेळानं बरी होते? धूर कसला? आणि मग, डिझेल किती असतं तेव्हा? तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी आठवू लागले. चिपळूण, रत्नागिरी, वाई. तिन्ही वेळा निघण्याआधी टाकी फुल्ल. गावातल्या गावात, मंडईला, बँकेत जाताना टाकीत थोडंच डिझेल असायचं, आणि तेव्हा गाडीनं एकदाही त्रास दिला नव्हता. मिस्त्री काही बोलले नाहीत. “धूर नसतो मागं,” मी म्हणाले. काळा धूर असता तर डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा असता तर ऑइल जळतंय. जोर जातोय आणि धूर मुळीच नाही, याचा अर्थ डिझेलच पोचत नाही. हे ते म्हणाले आणि मी खाली बघितलं, कारण आबांनी हे चिऱ्यांच्या ट्रकचा हॉर्न वाजत असताना, आरशात एकदा बघून ओळखलं होतं.

त्यांनी टाकी भरून आणायला सांगितली. मग मिस्त्री शेजारी बसले आणि आम्ही सदाशिवगडाच्या बाजूनं, मागे चार पोती वाळू टाकून, चढउतारावर पस्तीसेक किलोमीटर फिरलो. परतीच्या चढाला गाडी मेली. त्यांनी इंजिन बंद करू दिलं नाही. उतरले, मागच्या चाकापाशी जाऊन टाकीच्या झाकणाला हात घातला आणि मला हाक मारली, “ताई, इथं या. कान द्या.” त्यांनी झाकण पाव फेरा फिरवलं. फुस्स असा लांब आवाज आला, बाहेरची हवा आत ओढली जात होती. झाकणाच्या कडेशी चिकटलेली धूळ त्या फटीत नाहीशी होताना मी पाहिली. आणि मग टाकीचा पत्रा ‘टंब’ करून वाजला. आत ओढला गेलेला पत्रा पुन्हा जागेवर आला होता. मी टाकीवर हात ठेवला होता, तो धक्का मला पंजात कळला. इंजिनानं तिथल्या तिथे सूर धरला.

तो फुस्स मी आधी ऐकला होता. पेट्रोल पंपावर, दोनदा तरी. पंपावरच्या पोरानं झाकण उघडलं की आवाज व्हायचा आणि मी मीटरचा शून्य बघत असायची.

आई तेलाचा पंधरा लिटरचा डबा फोडताना खिळ्यानं दोन भोकं पाडायची. एकच पाडलं तर तेल गुटुक-गुटुक करत येतं आणि मग थांबतं. दुसरं भोक हवा आत जायला. डिझेलच्या टाकीलाही तसंच दुसरं भोक असतं, हवेची एक बारीक नळी. इंजिन जेवढं डिझेल पितं तेवढी हवा तिच्यातून आत यावी लागते. ती बंद झाली की टाकीत ओढ तयार होते. एकीकडे फीड पंप डिझेल ओढतो आणि दुसरीकडे टाकी ते सोडत नाही. जागेवर चालणाऱ्या इंजिनाला थेंबभर पुरतं, म्हणून ते शांत चालतं. चढाला त्याला घोट लागतात आणि ते मिळत नाहीत. टाकी भरलेली असेल तर आत हवेला जागा थोडी, मग दोन-तीन लिटर गेले तरी ताण पडतो. टाकी रिकामी असेल तर तोच ताण यायला कितीतरी वेळ लागतो. थांबलं की कुठून तरी फटीफटीतून हवा झिरपते आणि पंचवीस मिनिटांत सगळं पूर्ववत. मिस्त्र्यांनी फिल्टर काढला, पंप उघडला, नोजल सोडवले, दर वेळी डिझेलची लाइन कुठेतरी मोकळी झाली, हवा आत गेली, ताण सुटला, आणि फेरी मारताना गाडी बरी. प्रत्येक चुकीच्या दुरुस्तीचा गुण येत होता तो असा.

ती नळी टाकीच्या वरून चासीच्या आडाला गेलेली होती. मिस्त्र्यांनी ती उपसून काढली आणि वर्तमानपत्रावर आपटली. शेवटची दोन बोटं नळी लाल मातीनं ठासून भरलेली. माती इतकी गुळगुळीत लिंपलेली की वाटावं कुणी बोटानं सारवलीय. त्यांनी तारेनं ती फोडली. आत छोटे छोटे कप्पे, आणि एका कप्प्यात वाळून दोऱ्यासारख्या झालेल्या पाच-सहा अळ्या. “कुंभारीण,” मिस्त्री म्हणाले. चिखलाचं घर बांधणारी माशी. पावसाळ्याचे चार महिने गाडी परसात भिंतीला लागून उभी होती. त्या दिवसांत एखादी कुंभारीण चिखलाच्या गोळ्या तोंडात धरून त्या काळोख्या नळीत येत-जात राहिली असणार. अळीला डंख मारून ती नुसती निपचित करते, मारत नाही, म्हणजे पिल्लू अंड्यातून निघेपर्यंत त्याचं खाणं ताजं राहतं. कप्प्यात आधी अंडं घालायचं, मग अळ्या भरायच्या, मातीनं बंद करायचं, पुढचा कप्पा. माझी गाडी जिच्या नावाशी नातं सांगणाऱ्या घाटात पहिल्यांदा बसली, तिचं ते घर मी बराच वेळ हातात धरून होते. मला राग आला नाही. इतकं नीटस काम फोडल्याचं वाईटच वाटलं. मिस्त्र्यांनी नळी रॉकेलनं धुऊन तोंडाला चहाच्या गाळणीची जाळी बांधली आणि सहाशे रुपये घेतले. मी हजार देत होते, घेतले नाहीत.

घरी आले तेव्हा आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्या मातीचा एक तुकडा मी कागदात बांधून आणला होता. तो त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. धूर, फुल्ल टाकी, झाकण, पत्र्याचा आवाज. पत्रा वाजल्याचं ऐकून ते हसले, ओळखीचं कुणी भेटल्यासारखे. पूर्वी झाकणाच्या भोकात चिखल बसायचा, मग आम्ही झाकणाखाली काडी घालायचो, म्हणाले. मग मी जे बोलायचं ठरवून आले होते ते बोलले. “आबा, तुम्ही त्या दिवशी घाटात हेच सांगितलं होतं. मी तुम्हाला गप्प बसा म्हणाले. मला माफ करा.”

त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, टरफल सुपात.

“मी कधी म्हणलो?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हल्ली ते विसरतात. परवा शेजारच्या मुलाचं नाव दोनदा विचारलं, गॅसवर दूध ठेवल्याचं विसरले. चिपळूणच्या स्टँडवर १९८० साली किती फलाट होते हे सांगतील, पण सकाळची गोळी घेतली का हे सांगता येत नाही. त्यामुळे खरंच विसरले असतील. किंवा मला त्या वाक्यातून मोकळं करायचं म्हणून नाही म्हणाले असतील. ३३ वर्षं हजारो माणसांची बोलणी गिळलेल्या माणसाला ते अवघड नाही. मी पुन्हा आठवण करून दिली, पोफळीच्या वरचं वळण, चिऱ्यांचा ट्रक. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “म्हणलो असंन. पर घाटात चालिवणाऱ्यानं कुणाचं ऐकू नये. मी तरी कुठं कंडक्टरचं ऐकायचो?” आणि फोडलेल्या दाण्यांची मूठ माझ्यापुढे केली. माफी मागायला गेले होते ती माझ्या हातातच राहिली. अजूनही आहे. ज्याच्याजवळ ती द्यायची तो म्हणतो असं काही झालंच नाही, तर ती ठेवायची कुठे, हे मला उमगलेलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा गुहागरला गेलो. या वेळी आबांनी समुद्राच्या पाण्यात पाय बुडवले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, माझा दंड धरून. परतताना चिपळुणात मी मुद्दाम टाकी गळ्यापर्यंत भरली. पंपावरच्या पोरानं झाकण उघडलं तेव्हा मी खाली उतरून कान दिला. काही आवाज नाही. पिंपळी, शिरगाव, पोफळी. शिमग्याचे दिवस होते, एका वाडीतून पालखीबरोबरचा ढोल ऐकू येत होता. घाट सुरू झाला तसं मी बोलणं थांबवलं. आबा आधीच गप्प होते. तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. इंजिन भरल्या गळ्यानं चढत होतं. ज्या वळणावर गाडी बसली होती ते वळण आलं, मी गिअर न बदलता ते काढलं आणि सवयीनं माझी नजर डावीकडे खाली गेली, त्यांच्या उजव्या पायाकडे. पाय फरशीवर दाबलेला नव्हता. चप्पल निसटून बाजूला पडली होती, पाऊल बाहेरच्या बाजूला कललं होतं आणि गाडीच्या हेलकाव्याबरोबर सैल हलत होतं. बोटांच्या मध्ये गुहागरची वाळू तशीच होती. आबा काचेला डोकं टेकवून झोपले होते.